मोटोक्रॉस मार्ग : डर्टबाइक आणि क्वाड
दुचाकी डर्टबाइक व चारचाकी क्वाड यांच्या सामाईक मातीच्या मार्गावर मुख्य अडचण चाकोऱ्यांची असते. डर्टबाइक वळणावर एकच अरुंद, खोल चाकोरी पाडते; तिच्यात क्वाडचे एका बाजूचे चाक उतरले की ती कलंडू शकते. क्वाडच्या जोडचाकोरीच्या कडेवरून दुचाकीचे पुढचे चाक घसरते. म्हणून दोघांना वेगवेगळ्या वेळा देणे आणि मधल्या वेळात ट्रॅक्टरने माती सारखी करून पाणी मारणे हाच खरा उपाय. कर्जत-खालापूरसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागात पावसाळ्यात मार्गाचा चिखल होतो, उन्हाळ्यात धुळीने पुढचा स्वार दिसत नाही. या तालुक्यांचा काही भाग २००३ मध्ये अधिसूचित माथेरान पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रात असल्याने जागाही तपासूनच निवडावी लागते.