बाईकचा हेडलाइट कसा काम करतो? नवा बल्ब घेण्याआधी वायरिंग समजून घ्या

रात्री भंडारा जिल्ह्यात बाईक चालवणं म्हणजे काय, हे एमएच ३६ वाल्यांना वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लाखनी-साकोलीकडे जाताना समोरून ट्रकांची रांग. कोका अभयारण्याच्या बाजूच्या रस्त्यावर मध्येच आडवं येणारं रानडुक्कर. आणि धान निघायच्या दिवसांत मागे लाल दिवाच नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली.

अशा वेळी "गाडीचा लाइट कमी पडतो" असं वाटलं की बहुतेक जण मोबाईल काढतात आणि जास्त वॅटचा हॅलोजन किंवा पांढराशुभ्र एलईडी बल्ब ऑर्डर करतात. पण खूपदा दोष बल्बमध्ये नसतोच. तो बल्बपर्यंत येणाऱ्या वायरमध्ये असतो. म्हणून आज आपण आधी हेडलाइट समजून घेऊ आणि मग वायरिंगमध्ये काय बदलायचं, काय नाही, ते पाहू.

किती लांबचं दिसायला हवं?

ताशी ६० किलोमीटर वेगात बाईक एका सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला आणखी २५-३० मीटर लागतात. म्हणजे किमान ५० ते ५५ मीटर पुढचं स्पष्ट दिसलं पाहिजे. पावसात त्याहून जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

बल्ब एक, फिलामेंट दोन

हॅलोजन हेडलाइटच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. एक अप्परचं, दुसरं डिप्परचं. अप्परचं फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूजवळ असतं, त्यामुळे प्रकाश सरळ लांब जातो. डिप्परचं फिलामेंट थोडं पुढे असतं आणि त्याच्या खाली धातूची छोटी वाटी असते. ही वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते. उरलेला प्रकाश वरच्या भागावर आपटून खाली रस्त्यावर पडतो. समोरच्याच्या डोळ्यांत तो जात नाही, ते या वाटीमुळेच.

आपल्याकडे दोन प्रकारचे बल्ब जास्त दिसतात. एचएस-१ हा ३५/३५ वॅटचा, आणि एच-४ हा ६०/५५ वॅटचा. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० सारख्या हॅलोजनवाल्या गाड्यांत एच-४ असतो. १३.२ व्होल्टवर एचएस-१ अप्परला साधारण ८२५ आणि डिप्परला ५२५ ल्युमेन प्रकाश देतो. एच-४ चे आकडे साधारण १,६५० आणि १,००० आहेत. मात्र हे आकडे पूर्ण व्होल्टेज मिळालं तरच खरे.

प्रकाश वाटेतच कसा हरवतो?

मोबाईलची लांब आणि स्वस्त चार्जिंग केबल घेतली की फोन हळू चार्ज होतो, हे तुम्ही अनुभवलं असेल. वायर बारीक असली की तिचा रोध जास्त असतो, आणि काही व्होल्टेज वायरमध्येच खर्ची पडतं. हेडलाइटचंही तसंच आहे.

हिशोब करू. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ ॲम्पिअर करंट घेतो. बॅटरीपासून स्विचमार्गे बल्बपर्यंत आणि परत अर्थपर्यंत मिळून ४ मीटर वायर धरा. ०.५ चौरस मिमी जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध तेवढ्या लांबीत साधारण ०.१४ ओहम होतो. ५ ॲम्पिअरला ०.७ व्होल्ट गेले. तीच वायर १.५ चौरस मिमीची असती, तर पाव व्होल्टसुद्धा गेला नसता.

०.७ व्होल्ट म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की प्रकाश जवळपास ३० टक्के घटतो. वरच्या उदाहरणात वायरमध्येच सहावा हिस्सा प्रकाश गेला. स्विचमधला गंज आणि सैल अर्थ यांचा हिशोब वेगळाच.

एसी की डीसी?

इंजिन फिरलं की कॉइल प्लेटमध्ये एसी करंट तयार होतो. अनेक जुन्या कम्युटर गाड्यांत हेडलाइट थेट या एसीवर चालतो. ओळख सोपी आहे: रेस केली की लाइट वाढतो, गाडी आयडलला आली की मंदावतो. डीसी सिस्टीममध्ये रेग्युलेटर-रेक्टिफायर बॅटरी चार्ज करतो आणि हेडलाइट बॅटरीच्या लाइनवर चालतो, म्हणून प्रकाश बराचसा स्थिर राहतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असताना कायम चालूच असतो, हे तुम्हाला माहीत असेलच.

एसीवाल्या गाडीचा हेडलाइट नुसता बॅटरीला जोडू नका. तिथलं चार्जिंग फक्त हॉर्न, इंडिकेटरपुरतं असतं. थोड्याच दिवसांत बॅटरी बसेल, आणि ती रात्री रस्त्यातच बसेल.

आधी मोजा

डीसी गाडीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, थोडी रेस धरून बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. मग बल्बच्या होल्डरवर, बल्ब जळत असतानाच मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असेल, तर वायरिंगला हात लावू नका. जास्त असेल तर आधी होल्डर आणि स्विचचे पॉइंट साफ करा, अर्थचा बोल्ट घासून घट्ट करा. पुष्कळ गाड्यांचं काम इथेच होतं.

रिले कशासाठी?

तरीही फरक राहिला तर रिले. रिले म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठा स्विच. हँडलच्या स्विचमधून फक्त साधारण ०.१५ ॲम्पिअर जातो, आणि बल्बचा ५ ॲम्पिअर बॅटरीतून जाड वायरने थेट येतो. अप्परला एक, डिप्परला एक, असे दोन रिले लागतात. जोडणी अशी:

१. बॅटरीचा प्लस, मग १० ॲम्पिअरचा फ्यूज, मग दोन्ही रिलेंचं टर्मिनल ३०. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.
२. मूळ होल्डरची डिप्परची वायर एका रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला.
३. दोन्ही रिलेंचं ८५ अर्थला.
४. दोन्हींचं ८७ नव्या होल्डरच्या आपापल्या वायरला.
५. नव्या होल्डरची अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला, १.५ चौरस मिमी वायरने.

कंपनीची वायर कापू नका. मूळ होल्डरमध्ये बसणारं तयार हार्नेस घ्या, म्हणजे कधीही काढता येईल. वॉरंटीत असलेल्या किंवा लाइट इलेक्ट्रॉनिक युनिटवर चालणाऱ्या गाडीत सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय काहीच करू नका.

जास्त वॅट आणि एलईडीचं काय?

३५ वॅटच्या जागी ६० वॅटचा बल्ब टाकला की करंट ३ वरून ५ ॲम्पिअर होतो. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास तिप्पट. होल्डर वितळतो, स्विच जळतो, आणि वायरमध्ये व्होल्टेजही आणखी पडतं. बल्ब कंपनीने दिलेल्या वॅटचाच ठेवा.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला, तर चिपची जागा आणि आकार फिलामेंटसारखा नसतो. मिलिमीटरभर फरकानेही प्रकाश वर आणि बाजूला फेकला जातो. तुम्हाला उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण समोरून सायकलवर येणाऱ्या काकांना काही सेकंद काहीच दिसत नाही. त्याच वेळी त्यांच्यापुढे ती बिनदिव्याची ट्रॉली असू शकते. कंपनीतूनच एलईडी आलेली गाडी वेगळी, तिचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्यासाठीच बनलेली असते.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटी भिंत

सगळं झाल्यावर फुकटची तपासणी करा. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटर अंतरावर गाडी सरळ उभी करा, नेहमीचा माणूस सीटवर बसवा. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिप्परच्या प्रकाशाची वरची कड या रेषेच्या साधारण ५ ते १० सेंमी खाली पडायला हवी. वर जात असेल तर ॲडजस्टिंग स्क्रूने खाली आणा. मागे कुणी बसलं किंवा धानाचं पोतं बांधलं की गाडीचं तोंड वर उचललं जातं, त्यामुळे त्या रात्री पुन्हा एकदा बघून निघा.

हा लेख सगळ्यात आधी त्या मित्राला पाठवा, ज्याची गाडी समोरून आली की तुम्हाला डोळे मिटावे लागतात.