ओकायामाची बाग, पुण्याचा कालवा, जालन्याचा तलाव

जालना : मे महिन्याच्या सुटीत मुलांना घेऊन पुण्याला जाणारी जालन्याची कुटुंबे सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानालाही भेट देतात. जपानी पद्धतीचे हे उद्यान पाहण्यापूर्वी त्याच्या मूळ बागेची माहिती घेणे उद्बोधक ठरेल.

सुमारे दहा एकरांवरील हे उद्यान २००६ मध्ये खुले झाले. पुणे आणि जपानमधील ओकायामा या शहरांच्या स्नेहाचे प्रतीक म्हणून ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान या नावानेही ओळखले जाते. 'पूर्वरंग' या प्रवासवर्णनात मराठी वाचकांना जपानचे दर्शन घडविणाऱ्या पु. लं.चे नाव त्याला लाभावे, हा सुंदर योग होय. खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याचे पाणी येथे ओहोळांतून खेळविले आहे. हिरवळीवर न उतरता पायवाटेनेच फिरावे लागते. उद्यान सकाळी आणि सायंकाळी उघडे असते, दुपारी बंद असते. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी लवकर जाणे उत्तम.

मूळ बाग कोराकुएन

या उद्यानाचा आदर्श म्हणजे ओकायामाची कोराकुएन ही बाग. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ मध्ये तिचे काम सुरू करविले आणि १७०० मध्ये ते पूर्ण झाले. असाही नदीच्या पात्रालगत, किल्ल्यासमोर सुमारे ३३ एकरांवर ती पसरली आहे. १८८४ मध्ये ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली. १९३४ चा महापूर आणि १९४५ ची बॉम्बफेक या दोन्ही आघातांनंतर जुनी चित्रे आणि आराखडे समोर ठेवून तिला पूर्वरूप देण्यात आले.

जपानमधील उन्हाळा जुलै-ऑगस्टमध्ये येतो आणि तो दमट असतो. या दिवसांत बागेचे मर्म कळते. एका विश्रांतिगृहाच्या मधोमध प्रवाह वाहतो. त्याच्या काठाशी बसून पाहुणे गारवा अनुभवतात. जुलैच्या आरंभी पहाटे कमळे उमलतात. शोभेच्या बागेतच भाताची खाचरे आणि चहाचे मळे आहेत, हे आपल्याकडील पाहुण्यांना विशेष वाटते.

'कोराकुएन' या नावातही अर्थ दडला आहे. राज्यकर्त्याने प्रजेच्या आधी चिंता वाहावी आणि सुख मात्र प्रजेनंतर घ्यावे, या प्राचीन चिनी वचनावरून ते घेतले आहे. 'नंतर उपभोगायचे सुख' असा त्याचा आशय.

मोती तलावाची आठवण

हे वचन जालन्यालाही लागू पडावे. मलिक अंबरच्या काळात येथील सुभेदार जमशेदखान याने शहराच्या पश्चिमेस मोती तलाव बांधला. तलावाचे पाणी भूमिगत नळांनी शहरातील हौदांत आणले जाई. त्यांतील सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. तलावालगतची मोतीबाग आजही जालनेकरांची सायंकाळची विसाव्याची जागा आहे. म्हणजे कोराकुएनच्याही आधी जालन्यात आधी प्रजेला पाणी आणि मग बागेला शोभा, असा क्रम प्रत्यक्षात उतरला होता.

२०१२-१३ च्या दुष्काळात याच शहराला टँकरकडे डोळे लावून बसावे लागले. घरातील हंडा रिकामा असताना बागेच्या कारंज्याचा आनंद कोणाला वाटणार? पाण्याची सोय जपली गेली तरच बाग टिकते. ओकायामात ती नदीने, पुण्यात कालव्याने आणि जालन्यात तलावाने जगविली.

पुण्याचे उद्यान पाहून परतल्यावर मुलांना एकदा मोती तलावाच्या काठी न्यावे आणि जुन्या नळांची हकिकत सांगावी. जपानी बागेची जी खुबी आपण तिकीट काढून पाहतो, तिचे मूळ सूत्र आपल्या गावाला चारशे वर्षांपूर्वी उमगले होते, हे त्यांना कळेल. तलावात कचरा का टाकू नये आणि गाळ का काढावा, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.