‘डिस्को दीवाने’ : एका तबकडीचा ठेका आणि आवाज

१९८१ साली एचएमव्हीने भारतात विक्रीस आणलेली ‘डिस्को दीवाने’ ही नाझिया आणि झोहेब हसन या बहीणभावाची ध्वनिमुद्रिका ज्या काळात निघाली, त्या काळात हिंदी-उर्दू गाण्याचा बाजार जवळजवळ संपूर्णपणे चित्रपटांच्या ताब्यात होता. मराठी श्रोत्याला या तबकडीचे वेगळेपण एकदम जाणवणार नाही, कारण जी. एन. जोशी यांच्या गायनापासून, म्हणजे १९३० च्या दशकापासूनच, चित्रपटाशी काहीही संबंध नसलेली भावगीते मराठी घरांत तबकड्यांवरून वाजत आली होती. हिंदी-उर्दूतही गझल, भजन आणि कव्वाली यांच्या गैरफिल्मी, म्हणजे कोणत्याही चित्रपटासाठी न केलेल्या, मुद्रिका खपत असत. परंतु ज्यावर तरुणांनी पाय थिरकवावेत असे गाणे हवे असेल, तर ते पडद्यावरच्या क्लबच्या प्रसंगातूनच मिळवावे लागे आणि ते गाणे नायिकेचे किंवा खलनायकाच्या अड्ड्यावरच्या नर्तकीचे असे, गायिकेचे स्वतःचे नसे.

या तबकडीचे संगीतकार आणि निर्माते बिद्दू हे मूळचे बंगळूरचे. तेथे ‘ट्रोजन्स’ या वाद्यवृंदात गात-वाजवत त्यांनी उमेदवारी केली आणि १९६० च्या दशकात ते लंडनला गेले. १९७४ मध्ये त्यांनी कार्ल डग्लस या गायकाकडून ‘कुंग फू फायटिंग’ हे गीत गाऊन घेतले, जे खरे तर तबकडीच्या दुय्यम बाजूसाठी घाईघाईने उरकलेले होते, आणि तेच ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. डिस्को या शैलीचा कणा म्हणजे चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाने पडणारा मोठ्या ढोलाचा ठोका. मिनिटाला साधारण १२० च्या आसपास पडणाऱ्या या ठोक्यांच्या मधल्या जागेत झांजेची उघडझाप होते आणि खालच्या पट्टीतली बेस गिटार त्या सर्वांना पुढे रेटत राहते. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग जाहीरपणे उडवून देण्यात आला, म्हणजे अमेरिकेत या शैलीविषयी उबग व्यक्त होऊ लागला, नेमक्या त्याच सुमारास ती मुंबईच्या दारात उभी राहिली.

ते दार उघडले फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’ने. १९८० च्या या चित्रपटाचे मुख्य संगीतकार कल्याणजी-आनंदजी होते. फक्त ‘आप जैसा कोई’ हे एक गीत बिद्दू यांच्याकडे गेले आणि ते कराचीत जन्मलेल्या व लंडनमध्ये शिकणाऱ्या नाझियाने गायले, जी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अवघी पंधरा वर्षांची होती. मुंबईत त्या वेळी गायक आणि वादकांचा मोठा ताफा बहुधा एकत्र बसून गाणे एका दमात मुद्रित करी. हे गीत जिथे मुद्रित झाले त्या लंडनमध्ये मात्र प्रत्येक वाद्य ध्वनिफितीच्या वेगळ्या पट्टीवर नोंदवून मग त्या पट्ट्यांचे मिश्रण करण्याची पद्धत रुळली होती, आणि तिचा फायदा असा की कोवळा, पातळ आवाज त्याच्यावरच पुन्हा चढवून दुपदरी करता येई. ‘आप जैसा कोई’साठी नाझियाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्या यशातूनच पुढच्या वर्षीची पूर्ण तबकडी उभी राहिली, आणि तिच्यात नाझियापेक्षा धाकटा असलेला झोहेब बरोबरीने सामील झाला.

शीर्षकगीताचे सामर्थ्य त्याच्या दोन शब्दांतच शोधता येते. मराठी छंदशास्त्राच्या हिशेबाने पाहिले तर ‘डिस्को दीवाने’ या पाच अक्षरांपैकी एकही लघू नाही: ‘डि’ हे अक्षर पुढील जोडाक्षरामुळे गुरू होते आणि उरलेली चारही अक्षरे मुळातच दीर्घ आहेत. सारख्या वजनाचे ठोके देणाऱ्या ढोलावर सारख्या वजनाची अक्षरे बसवली की शब्द ठेक्याला चिकटतात, त्यांना ओढावे लागत नाही. हीच गोष्ट ‘आओ ना’ या गीतात आढळते, आणि उच्चाराप्रमाणे मोजल्यास ‘लेकिन मेरा दिल’ व ‘दिल मेरा’ यांतही. हे कोणी ठरवून केले असेलच असे नाही. तरीही ठेका आधी आणि शब्द मागाहून, अशा कामाच्या पद्धतीत जड अक्षरांचे शब्द आपोआप निवडले जात असावेत, असे मानण्यास जागा आहे.

नाझियाच्या आवाजाविषयी बोलताना मुंबईचा कान कोणत्या सवयीचा होता हे ध्यानात घ्यावे लागते. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या गायनात स्वर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मींड घेतो, म्हणजे न तुटता सरकत जातो, आणि ओळीच्या शेवटी एखादी मुरकी, म्हणजे स्वरांची झटकन घेतलेली लहानशी गुंडाळी, येते. नाझिया यांपैकी जवळजवळ काहीच करत नाही. ती किंचित नाकात, सपाट आणि काहीशी अलिप्तपणे गाते, स्वर धरते आणि सोडून देते. शास्त्रोक्त निकषांवर हा उणेपणाच आहे. पण ‘लेकिन मेरा दिल’मध्ये दुखावल्या मनाचे शब्द उड्या मारणाऱ्या चालीवर असताना हीच अलिप्तता कामी येते, कारण मुरब्बी गायिकेने त्या शब्दांत जो गहिवर ओतला असता, त्याने ठेक्याशी भांडण मांडले असते. संपूर्ण तबकडीतले सर्वांत चांगले गीत शीर्षकगीत नसून हेच आहे.

दोघांच्या युगुलगायनात, उदाहरणार्थ ‘तेरे कदमों को’मध्ये, तोल मात्र सारखा राहत नाही. झोहेबचा आवाज गोड असला तरी त्याला नाझियासारखी स्वतःची ओळख नाही. शिवाय ही भावंडे असल्यामुळे चित्रपटातील युगुलगीताप्रमाणे एकमेकांना उद्देशून प्रेमाचे संवाद गाण्याची सोय नव्हती. दोघेही समोरच्या कोणा अज्ञात व्यक्तीला उद्देशून शेजारी शेजारी उभे राहून गातात, आणि हा अवघडलेपणा लपत नाही. ‘धुंधली रात’ आणि ‘गाएँ मिलकर’ ही गीते ठीकठाक आहेत, इतकेच.

पुढे या जोडीच्या ‘यंग तरंग’ (१९८४), ‘हॉटलाइन’ (१९८७) आणि ‘कॅमेरा कॅमेरा’ (१९९२) या मुद्रिका निघाल्या. पैकी ‘यंग तरंग’साठी गाण्यांची दृश्यफीत करण्याची त्या काळी उपखंडात नवी असलेली कल्पना वापरली गेली. त्याच सुमारास झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीतील पाकिस्तानात या भावंडांची गाणी घरोघरी कॅसेटवर वाजत होती. बिद्दू यांनी १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’साठी संगीत देऊन गैरफिल्मी पॉपचा धागा पुन्हा उचलला. नाझियाचे १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती.

‘डिस्को दीवाने’च्या अखेरीस शीर्षकगीताचीच एक वाद्यावृत्ती आहे, ज्यात मुख्य गायन काढून टाकून केवळ ठेका आणि वाद्ये शिल्लक ठेवली आहेत. २०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटासाठी विशाल-शेखर यांनी हे गीत पुन्हा घेतले तेव्हा नेमके उलटे घडले: ठेका आणि वाद्यमेळ नवा झाला, सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांचे आवाज आले, आणि जुन्या तबकडीवरून नाझियाचा आवाज तेवढा उचलून त्यांच्यामध्ये बसवण्यात आला.