नागीण : पहिले ७२ तास मोलाचे

अंगावर एका बाजूला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला, की घरातील वडीलधारी मंडळी 'नागीण झाली' असे सांगतात. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना टेकले की रुग्ण दगावतो, हा समज आजही आढळतो. या भीतीपोटी गेरूचा लेप, मंत्रतंत्र यांत दिवस जातात आणि उपचाराची खरी वेळ निघून जाते.

कशामुळे होते?
लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या गाठींत सुप्तावस्थेत राहतो. वाढते वय, मधुमेह, कर्करोग, एचआयव्ही किंवा स्टिरॉइड्समुळे प्रतिकारशक्ती घटली, की तो जागा होऊन एखाद्या मज्जातंतूवाटे त्वचेवर उतरतो. हा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला, मध्यरेषेपर्यंत पोहोचतो. त्यामुळे पट्टाही सहसा तेथेच थांबतो. 'विळखा' पूर्ण होण्याच्या भीतीला शास्त्रीय आधार नाही.

लक्षणे
फोड येण्याआधी काही दिवस त्याच जागी आग, टोचणी किंवा ठणका जाणवतो. फोडांवर साधारण सात ते दहा दिवसांत खपल्या धरतात.

उपचार
असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर यांसारखी विषाणूरोधक औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी ठरतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. मुदत उलटली तरी डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. काही रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, त्वचा बरी झाल्यावरही महिनोन् महिने वेदना होतात. त्यासाठी वेगळी औषधे उपलब्ध आहेत.

कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. दृष्टी जाण्याचा धोका असतो. फोड शरीरभर पसरल्यासही तातडीने रुग्णालय गाठावे.

काळजी आणि प्रतिबंध
फोड फोडू नयेत. ते स्वच्छ, कोरडे आणि झाकलेले ठेवावेत. फोडांतील द्रवाच्या संपर्काने, कांजिण्या न झालेल्या व्यक्तीला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत तान्ही बाळे आणि गर्भवतींपासून दूर राहावे. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी दोन मात्रांची प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. ती आजार झाल्यावरचा उपचार नव्हे. मात्र पूर्वी नागीण होऊन गेलेल्यांनाही वैद्यकीय सल्ल्याने घेता येते.