सार्वजनिक ठिकाणी फोटो काढताना पोलिसांनी हटकले तर?

पेठ वडगावच्या आठवडा बाजारात फोटो काढताना किंवा रस्त्यावरची नाकाबंदी मोबाइलवर टिपताना पोलिसांनी हटकले, तर अनेकजण घाबरून फोटो डिलीट करतात. विचारपूस करणे हे पोलिसांचे कामच आहे. पण प्रश्न विचारणे वेगळे आणि फोन काढून घेणे वेगळे.

फोटो काढणे गुन्हा आहे का?

सार्वजनिक ठिकाणी फोटो काढण्यावर सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १९ अभिव्यक्तिस्वातंत्र्य देतो, तसेच देशाची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी बंधने घालण्याची मुभाही देतो. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मध्ये लष्करी ठाणी, शस्त्रागारे आणि सरकारने अधिसूचना काढून जाहीर केलेल्या जागा 'निषिद्ध ठिकाणे' ठरतात.

मग पोलीस ठाण्यात?

वर्ध्यात शेजाऱ्याशी झालेल्या वादाची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या एका व्यक्तीने मोबाइलवर चित्रीकरण केले, म्हणून २०१८ मध्ये तिच्यावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो रद्द केला. निषिद्ध ठिकाणांच्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

२०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातील पाथर्डीच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. मात्र तेथे धमकी आणि कटाची इतर कलमे न्यायालयाने रद्द केली नाहीत. म्हणजे चित्रीकरण केले म्हणून हेरगिरीचा कायदा लागत नाही, पण बाकीच्या वागण्याची जबाबदारी राहतेच.

पोलीस काय करू शकतात?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार:

- कलम १७२: पोलिसांचे कायदेशीर निर्देश पाळणे बंधनकारक आहे. न पाळणाऱ्याला तेथून हटवता किंवा ताब्यात घेता येते.
- कलम १०६: गुन्ह्याचा संशय निर्माण करणारी वस्तू जप्त करता येते, पण त्याचा अहवाल द्यावा लागतो.
- कलम १०५: झडती आणि जप्तीचे दृक्श्राव्य चित्रीकरण पोलिसांनीच करायचे असते.

जागेवरच फोटो पुसायला लावण्याचा अधिकार देणारे कलम या संहितेत नाही. उलट फोटो हा गुन्ह्याचा पुरावा असेल, तर तो पुसल्याने पुरावाच नष्ट होतो.

फोटो काढणाऱ्याची मर्यादा

स्त्रीचे खासगी क्षणांतील चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पोलिसांच्या कामात अडथळा आणल्यास कलम २२१ लागू होऊ शकते. त्यामुळे नाकाबंदीचे चित्रीकरण करायचे असेल तर अंतर ठेवूनच करावे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो बाजारातल्या अनोळखी माणसालाही आहे.

हटकल्यास काय करावे?

- शांतपणे नाव, पत्ता आणि फोटो काढण्याचे कारण सांगावे.
- बंदी असल्यास कोणत्या आदेशाने किंवा कलमाने, हे विचारावे.
- फोन घेतल्यास जप्तीची यादी मागावी आणि अधिकाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.
- जागेवर हुज्जत घालू नये. अन्याय झाल्यास पोलीस अधीक्षक, कोल्हापूर यांच्याकडे लेखी तक्रार करता येते.