जमखंडीचे जत्ती आणि उपराष्ट्रपतिपदाचे साडेपाच महिने

भारताचे उपराष्ट्रपतिपद एरवी फारसे चर्चेत नसते. निवडणूक आली की नाव ऐकू येते आणि राज्यसभेत गदारोळ झाला की चेहरा दिसतो. १९७७ साली मात्र साडेपाच महिने राष्ट्रपतिपदाची सूत्रे एका उपराष्ट्रपतीच्या हाती होती, आणि नेमक्या त्याच काळात केंद्रात पहिल्यांदा सत्तांतर झाले. ते उपराष्ट्रपती म्हणजे जमखंडीचे बसप्पा दानप्पा जत्ती.

जमखंडी आज कर्नाटकात आहे. सांगली जिल्ह्याशी तिचे नाते मात्र जुने. कवठे महांकाळ तालुक्यातील कुची या गावाचे नाव संस्थानी काळात सांगली संस्थानाच्या एका तालुक्याला होते. त्याच संस्थानाचा दुसरा तालुका तेरदाळ, तो थेट जमखंडीच्या शेजारी. सांगली, मिरज, जमखंडी ही सारी पटवर्धन घराण्याच्या शाखांची संस्थाने. त्यांचे तुकडे एकमेकांत इतके मिसळलेले की एका राज्यातून निघालेला वाटसरू दिवसभरात दोन-तीन दरबारांची हद्द ओलांडून जाई.

जत्तींचा जन्म जमखंडी तालुक्यातील सावळगीचा. शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात, कायद्याची पदवीही कोल्हापुरातच. घरची भाषा कन्नड, दरबार मराठी पटवर्धनांचा. वकिली, नगरपालिका, संस्थानाचे विधिमंडळ अशा पायऱ्या चढत ते जमखंडीचे दिवाण झाले. ८ मार्च १९४८ रोजी सांगली आणि जमखंडी ही दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. विलीनीकरणाने दिवाणपद संपले आणि जत्ती पुन्हा वकिलीकडे वळले. पुढे विलीन मुलखाचे प्रतिनिधी म्हणून ते मुंबई विधानसभेत आले, बाळासाहेब खेरांचे संसदीय सचिव झाले, आणि १९५२ नंतर मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व कामगार खात्याचे उपमंत्री. मोरारजी मुख्यमंत्री, जत्ती उपमंत्री: ही जोडी लक्षात ठेवावी, कारण पंचवीस वर्षांनी ती उलट्या क्रमाने समोरासमोर येणार होती.

१९५६ साली भाषावार राज्यरचनेत जमखंडी म्हैसूर राज्यात गेली. १९५८ ते १९६२ जत्ती म्हैसूरचे मुख्यमंत्री होते; नंतर पाँडिचेरीचे नायब राज्यपाल आणि ओरिसाचे राज्यपाल. ऑगस्ट १९७४ मध्ये ५२१ विरुद्ध १४१ मतांनी ते देशाचे पाचवे उपराष्ट्रपती झाले.

हे पद घटनेत आले त्यामागे अमेरिकेचा नमुना स्पष्ट दिसतो. तिथे उपाध्यक्ष सेनेटचे अध्यक्षस्थान भूषवतो, इथे उपराष्ट्रपती राज्यसभेचा पदसिद्ध सभापती असतो. पण पुढे वाट वेगळी होते. १८४१ साली अमेरिकेचे अध्यक्ष हॅरिसन शपथेनंतर महिनाभरातच वारले, तेव्हा उपाध्यक्ष जॉन टायलर यांनी आपण केवळ काम पाहणारे नसून पूर्ण अध्यक्षच आहोत असा दावा केला आणि तो रूढ झाला. भारतीय घटनाकारांनी ही सोय ठेवली नाही. राष्ट्रपतिपद रिकामे झाले तर उपराष्ट्रपती काम पाहील, पण सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक झालीच पाहिजे.

संविधान सभेतील चर्चेत डॉ. आंबेडकरांनी उपराष्ट्रपतीचे नेहमीचे काम राज्यसभा चालवणे एवढेच असल्याचे स्पष्ट केले होते. म्हणूनच त्याच्या निवडणुकीत आमदारांना मत नाही, फक्त संसदेचे सदस्य मतदान करतात. पदाला स्वतःचे असे वेतनही नाही. मिळते ते राज्यसभेच्या सभापतीचे. मात्र कलम ६५ लागू झाले की चित्र पालटते. त्या दिवसापासून राष्ट्रपतीचे सर्व अधिकार त्याच्याकडे येतात, त्यात अर्धेमुर्धे काही नाही. १९६९ साली झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर काम पाहणाऱ्या व्ही. व्ही. गिरी यांनी १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन राष्ट्रपतिपदाच्या लढतीत उडी घेतली. त्या चौदांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती.

येथे एक घोटाळा टाळायला हवा. ‘उप’ लागलेली सारी पदे सारखी नसतात. उपपंतप्रधान आणि उपमुख्यमंत्री या पदांचा घटनेत उल्लेखच नाही. कायद्याच्या दृष्टीने ते इतरांसारखेच मंत्री. १९७८ साली सांगलीच्या वसंतदादा पाटलांच्या आघाडी सरकारात नाशिकराव तिरपुडे महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. १९७९ साली देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील २००४ ते २००८ उपमुख्यमंत्री होते. पुढच्याच निवडणुकीत त्यांचा मतदारसंघ तासगाव–कवठे महांकाळ झाला. या तिघांचे वजन पक्षातून आले, जत्तींचे घटनेतून.

११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. आणीबाणी चालू होती आणि लोकसभेची निवडणूक जाहीर झालेली होती. जत्तींनी सूत्रे हाती घेतली. मार्चमध्ये काँग्रेस हरली, स्वतः इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. २१ मार्चला अंतर्गत आणीबाणी मागे घेण्याच्या घोषणेवर सही झाली ती जत्तींची. २४ मार्चला मोरारजी देसाईंना पंतप्रधानपदाची शपथ दिली तीही जत्तींनीच. जुन्या मुख्यमंत्र्याला त्याच्या जुन्या उपमंत्र्याने शपथ दिली.

खरा पेच महिन्याभराने आला. उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली होती, पण नऊ राज्यांत तिचीच सरकारे होती. जनतेचा विश्वास गमावलेल्या पक्षाने तेथे राज्य का करावे, असा गृहमंत्री चरणसिंगांचा सवाल होता. त्यांनी नऊही मुख्यमंत्र्यांना विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला देण्यास लिहिले. राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. सात न्यायाधीशांच्या पीठाने २९ एप्रिलला त्यांचे दावे फेटाळले. आता उरली होती ती एक सही.

ती लगेच झाली नाही. जत्ती थांबले. त्यांची हयात काँग्रेसमध्ये गेलेली, तेव्हा जनता पक्षाच्या गोटात संताप उसळणे स्वाभाविकच होते. शिवाय कायदाही त्यांच्या बाजूने नव्हता. आणीबाणीतील ४२व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक असल्याचे घटनेतच लिहून ठेवले होते, आणि तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची तरतूद तेव्हा अस्तित्वात नव्हती. म्हणजे जत्तींजवळ थोडा वेळ सोडला तर काहीच नव्हते, आणि तो वेळ त्यांनी वापरला. ३० एप्रिलला सही झाली. नऊ राज्यांत राष्ट्रपती राजवट आली.

जत्तींचा विलंब पक्षनिष्ठेतून आला की घटनात्मक संकोचातून, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण त्यांच्या टेबलावरचा प्रश्न पोकळ नव्हता. लोकसभेचा निकाल बदलला म्हणून मुदत शिल्लक असलेल्या विधानसभा बरखास्त करता येतात का? महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता, त्यामुळे इथे तो प्रश्न तेव्हा दूरचा वाटला असेल. तीन वर्षांनी तो दारात आला. इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांच्या सरकारने त्याच तर्काने पुन्हा नऊ विधानसभा विसर्जित करवल्या. या वेळी यादीत महाराष्ट्र होता. शरद पवारांचे पुलोद सरकार गेले आणि त्याबरोबर उपमुख्यमंत्री सुंदरराव सोळंके यांचे पदही.

जत्तींची राष्ट्रपतिभवनातील मुदत त्याआधीच संपली होती. २५ जुलै १९७७ रोजी नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले आणि जत्ती पुन्हा राज्यसभेच्या सभापतीच्या आसनावर गेले. ऑगस्ट १९७९ मध्ये ते निवृत्त झाले. २००२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे उपराष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि भैरोसिंह शेखावतांकडून ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी हरले. काही महिन्यांतच ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. राज्यसभेच्या आसनापेक्षा मंत्रालयातील खुर्ची त्यांना अधिक मानवली असावी.

जत्तींजवळ नसलेली तरतूद जनता सरकारनेच १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने केली: मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा गुजराल मंत्रिमंडळाचा सल्ला के. आर. नारायणन यांनी याच तरतुदीने परत पाठवला आणि मंत्रिमंडळाने तो सोडून दिला. राष्ट्रपती होण्यापूर्वी नारायणनही उपराष्ट्रपतीच होते.