दिनविशेष : २५ नोव्हेंबर – रानपिंगळ्याचा पुनर्शोध

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकी पक्षिनिरीक्षकांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला आणि १८८४ नंतर ज्याचा विश्वासार्ह पुरावा नव्हता, असा हा पक्षी नामशेष झालेला नाही हे सिद्ध झाले. ब्रिटिश पक्षिअभ्यासक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या नमुन्याची १९१४ ची नोंद होती खरी. पण तो नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर बनावट माहिती चिकटवलेली होती, आणि या लबाडीने अभ्यासकांना दीर्घकाळ चुकीच्या प्रदेशात भटकत ठेवले. मलकापूरच्या ईशान्येकडील मेळघाटातही पुढे रानपिंगळा आढळला. गावोगावी दिसणारा साधा पिंगळा मुख्यतः तिन्हीसांजेनंतर सक्रिय होतो, तर रानपिंगळा सागाच्या विरळ जंगलात दिवसाउजेडी शिकार करतो. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि शेपटी तो झटक्याने आडवी हलवतो. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये रानपिंगळ्याला स्वतंत्र प्रजातीत, म्हणजे निकटच्या जातींच्या वेगळ्या गटात, ठेवले होते. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांच्या जनुकीय अभ्यासाने मात्र तो साध्या पिंगळ्याच्याच ‘अथीनी’ शाखेतून फुटलेला असल्याचे दाखवले.